एनव्हीडीएच्या अ‍ॅड-ऑनसाठी डेव्हलपर जोडायचे असतील तर हा क्रम पाळा

अंध वापरकर्त्यांच्या रोजच्या अडचणींवर एनव्हीडीए या मुक्त स्क्रीन रीडरचे (पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचे) अ‍ॅड-ऑन, म्हणजे त्यात नव्या सोयी घालणारे छोटे जोड-प्रोग्रॅम, लिहून घ्यावेत, असं मुंबईत अनेकांना वाटतं. त्यात महाविद्यालयांतले क्लब असतात, दृष्टिहीनांना संगणक शिकवणारे शिक्षक असतात, हौशी प्रोग्रॅमरही असतात. इच्छा चांगली असते, पण क्रम उलटा असतो. आधी हॅकेथॉनचा, म्हणजे एका दिवसात कोड लिहायच्या स्पर्धेचा, हॉल ठरतो, मग पोस्टर, मग बक्षिसं. काय लिहायचं ते त्या दिवशी सकाळी फळ्यासमोर उभं राहून सुचतं. संध्याकाळी टाळ्या वाजतात आणि महिन्याभराने पाहिलं तर त्यातला एकही अ‍ॅड-ऑन कुणाच्या संगणकावर चालत नसतो.

स्वतःच्या वेळेत, बिनपैशाचं काम करणारा डेव्हलपर बक्षिसामुळे टिकत नाही. आपण लिहिलेलं कुणीतरी वापरतंय आणि आपण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतंय, हे दिसलं की तो टिकतो. म्हणून आधी वापरणारे, मग नेमकं काम, मग तयारी आणि शेवटी डेव्हलपर, असा क्रम हवा.

टप्पा १ : अडचणी वापरणाऱ्यांकडूनच गोळा करा

वरळीची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड, तुमच्या ओळखीतले बँकेत किंवा सरकारी कचेरीत काम करणारे अंध कर्मचारी. सुरुवात इथून करा. ‘तुम्हाला कुठला अ‍ॅड-ऑन हवा?’ असं विचारू नका. त्यावर ‘सगळं नीट वाचलं पाहिजे’ एवढंच उत्तर येतं. ‘काल संगणकावर कुठे अडलात? मग कुणाला हाक मारावी लागली?’ असं विचारा. लगेच खरी यादी मिळायला लागते.

प्रत्येक अडचण चार ओळींत लिहा: कुठल्या प्रोग्रॅममध्ये, काय करायला गेलो, एनव्हीडीए काय बोलला, काय बोलायला हवं होतं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक गाळतात.

एक उदाहरण पाहू. कार्यालयांतून अजूनही कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी पत्रं येतात. डोळ्यांना तिथे ‘मराठी’ हा शब्द दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेली असतात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही इंग्रजी अक्षरं. ‘म’साठी ई, ‘र’साठी जे, कान्यासाठी के, ‘ठ’साठी कॅपिटल बी आणि दीर्घ वेलांटीसाठी एच. फाँट फक्त त्यांचं चित्र बदलून दाखवतो. एनव्हीडीएला चित्राशी देणंघेणं नसतं. तो साठवलेली अक्षरं वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला निरर्थक आवाज येतात. पूर्ण पत्र असंच. ही अडचण चार ओळींत मांडली की प्रोग्रॅमरला लगेच कळतं की काम अक्षरं बदलण्याचं आहे, आवाज सुधारण्याचं नाही. वर्डमधली फाइल असेल तर एनव्हीडीए की आणि एफ दाबून फाँटचं नाव ऐका आणि तेही नोंदवा. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट, किंवा सेटिंग केलं असेल तर कॅप्स लॉक.

तपासणी : प्रत्येक अडचणीला पुढचे चार प्रश्न विचारा.
• नुसत्या सेटिंगने सुटते का? एखाद्या संक्षेपाचा किंवा नावाचा उच्चार चुकत असेल, तर एनव्हीडीएच्या प्राधान्यांमध्ये उच्चार शब्दकोश आहेत. तिथे एक नोंद केली की काम झालं, कोड लागत नाही.
• अ‍ॅड-ऑन स्टोअरमध्ये आधीच काही आहे का? एनव्हीडीए मेनूतल्या साधनांमध्ये जाऊन शोधा.
• चूक मूळ प्रोग्रॅमची किंवा वेबसाइटची आहे का? बटणाला नावच दिलेलं नसेल तर आधी त्या कंपनीला लेखी कळवा. अ‍ॅड-ऑनने झाकलेली चूक पुढच्या अपडेटला पुन्हा उघडी पडते.
• ही अडचण एकाहून जास्त जणांना आहे का?

इशारा : पासवर्ड, ओटीपी किंवा बँकेच्या व्यवहाराला हात लावणारं काम यादीत घेऊ नका. हौशी गटाने ही जबाबदारी अंगावर घ्यायची नाही.

टप्पा २ : काम कापून लहान करा

कृतिदेवचं काम ‘जुन्या फाँटमधलं सगळं मराठी वाचून दाखवा’ असं लिहून एखाद्याच्या हाती दिलंत, तर तो आठवड्याभरात गप्प होईल. त्यात खड्डे आहेत. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण पद्धतीत, ती अक्षरानंतर साठवतात. रफार उलटा. कृतिदेवमध्ये तो अक्षरानंतर येतो, तर युनिकोडमध्ये अर्धा ‘र’ आधी हवा. म्हणजे नुसतं एका अक्षराच्या जागी दुसरं ठेवून भागत नाही, जागाही हलवाव्या लागतात. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की आणखी गुंता.

म्हणून तुकडे पाडा:

१. वापरणाऱ्याने मजकूर कॉपी करायचा, ठरावीक कळा दाबायच्या आणि अ‍ॅड-ऑनने क्लिपबोर्डवरचा मजकूर बदलून बोलून दाखवायचा. पहिल्या आवृत्तीत साधी अक्षरं, काना, मात्रा आणि दीर्घ वेलांटी एवढंच.
२. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार.
३. कॉपी न करता, निवडलेला मजकूर थेट वाचणं.
४. वर्डमध्ये फाँटचं नाव ओळखून आपोआप रूपांतर.

पहिला तुकडा एखाद्या शनिवार-रविवारी लिहून होतो आणि त्याच आठवड्यात कुणाच्या तरी उपयोगी पडतो. चौथा कदाचित होणारही नाही. चालेल. पहिल्या दोनवरही पत्र समजण्याइतपत ऐकता येतं.

सोबत नमुने गोळा करा: जुन्या फाँटमधला परिच्छेद आणि त्याच्या शेजारी तोच मजकूर युनिकोडमध्ये, कुणीतरी हाताने टाइप केलेला. काम झालं की नाही हे ठरवायचा याहून सोपा मार्ग नाही. नमुन्यातून नावं, पत्ते, आधार क्रमांक काढून टाका.

इशारा : रूपांतराचे तयार तक्ते इंटरनेटवर सापडतात. त्यांच्यावर परवाना लिहिलेला नसेल तर ते उचलून मुक्त सॉफ्टवेअरमध्ये घालता येत नाहीत. मूळ लेखकाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर तक्ता स्वतः बनवा.

टप्पा ३ : डेव्हलपर येण्याआधी मांडणी करून ठेवा

नव्या माणसाने पहिल्या अर्ध्या तासात एनव्हीडीएकडून स्वतः लिहिलेलं एक वाक्य वदवून घेतलं पाहिजे. तेवढं झालं की तो पुढे येतो. पहिली संध्याकाळ सॉफ्टवेअर बसवण्यातच गेली तर दुसऱ्यांदा येत नाही. गटात कोड येणारं कुणीच नसेल, तर पहिला डेव्हलपर अ‍ॅड-ऑन लिहायला नव्हे, ही मांडणी करायला शोधा.

तयारी अशी:

• पोर्टेबल प्रत. एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये करता येते. प्रयोग तिच्यावरच करा. रोजच्या वापराच्या प्रतीला हात लावू नका. अंध सदस्याची तीच प्रत बिघडली तर त्याचा संगणकच बंद पडल्यासारखा होतो.
• स्क्रॅचपॅड. एनव्हीडीएच्या प्रगत सेटिंगमध्ये डेव्हलपर स्क्रॅचपॅडमधला कोड चालू द्यायचा पर्याय आहे. तो चालू केला की त्या फोल्डरात पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली फाइल टाकायची आणि एनव्हीडीए, कंट्रोल व एफ३ एकत्र दाबून प्लगइन पुन्हा लोड करायचे. पॅकेज बनवायची गरज नाही.
• स्पीच व्ह्यूअर. साधनांच्या मेनूत आहे. एनव्हीडीए जे बोलतो ते खिडकीत लिहून दिसतं. डोळस प्रोग्रॅमरला सुरुवातीला याचा मोठा आधार असतो.
• साचा. अ‍ॅड-ऑन लेखकांच्या समुदायाने तयार ठेवलेला साचा घ्या. त्यात एसकॉन्स या साधनाने पॅकेज बांधायची सोय आहे. माहिती बिल्डव्हार्स फाइलमध्ये भरायची, मॅनिफेस्ट, म्हणजे पॅकेजची ओळख सांगणारी फाइल, तिथूनच तयार होतो. मॅनिफेस्ट हाताने सुधारू नका, पुढच्या बांधणीत तो पुसला जातो.
• परवाना. एनव्हीडीए जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. अ‍ॅड-ऑन त्याचाच कोड वापरत असल्याने परवाना त्याच्याशी जुळणारा हवा. रिपोमध्ये, म्हणजे कोड ठेवायच्या सामायिक जागेत, परवान्याची फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा.

कुठला कोड कुठे जातो ते एका पानावर मराठीत लिहून ठेवा. एकाच प्रोग्रॅमपुरतं काम असेल तर अ‍ॅप मॉड्यूल, आणि त्या फाइलचं नाव प्रोग्रॅमच्या एक्झी फाइलवरून. सगळीकडे चालायला हवं असेल तर ग्लोबल प्लगइन. आवाजासाठी आणि ब्रेल यंत्रांसाठी वेगळे फोल्डर आहेत, पण नवख्याला तिकडे पाठवू नका.

इशारा : ज्याने आयुष्यात स्क्रीन रीडर वापरलेला नाही, त्याचा संगणक अचानक बोलायला लागला की तो गांगरतो. कंट्रोल दाबलं की आवाज थांबतो, एनव्हीडीए की आणि क्यू दाबलं की प्रोग्रॅम बंद करता येतो. हे बसवण्याआधी सांगा.

तपासणी : ही मांडणी कधीच न पाहिलेल्या माणसाला पान वाचून एकट्याने करायला द्या. तो जिथे थांबेल तिथे पानात एक ओळ वाढवा.

टप्पा ४ : एकेकाला विचारा

आधी अंध प्रोग्रॅमर शोधा. मायकल करन आणि जेमी तेह या दोन अंध प्रोग्रॅमरांनी ऑस्ट्रेलियात एनव्हीडीए उभा केला. काम २००६ साली सुरू झालं. पण आपल्याकडे अंध माणसाला टेस्टर म्हणून बोलावतात आणि कोडसाठी डोळस विद्यार्थी शोधतात. ही सवय मोडायला हवी. ज्याला अडचण रोज भेटते आणि पायथन येतं, त्याच्याइतका टिकाऊ मेन्टेनर, म्हणजे कोड सांभाळत राहणारा, दुसरा मिळत नाही.

मग पायथनवर नोकरी करणारे, फॉस युनायटेड या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या मुंबईतल्या भेटींना येणारे, आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. विद्यार्थ्यांना प्रकल्पाचा विषय ठरायच्या काळात गाठा. नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिल-मे या परीक्षांच्या महिन्यांत विचारूच नका. विद्यार्थी प्रकल्प सादर झाला की निघून जाणार, हे गृहीत धरून त्याच्या कामाला दुसरा माणूस आधीच जोडून द्या.

ग्रुपवर सगळ्यांना मिळून आवाहन करू नका. सगळे अंगठा दाखवतात, पुढे कुणीच येत नाही. एका माणसाला, एका कामासाठी लिहा:

‘नमस्कार. आम्ही मुंबईतले एनव्हीडीए वापरणारे काही जण आहोत. कृतिदेवमधली मराठी पत्रं आम्हाला ऐकता येत नाहीत. क्लिपबोर्डवरचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून बोलून दाखवणारा छोटा अ‍ॅड-ऑन हवा आहे. भाषा पायथन, परवाना जीपीएल. पहिला भाग अंदाजे एका शनिवार-रविवारचा आहे. नमुना मजकूर तयार आहे आणि तपासायला दोन जण आहेत. मानधन देता येणार नाही. आपल्याला जमेल का? नाही म्हणालात तरी हरकत नाही, फक्त कळवा.’

यात दया नाही, पुण्य नाही, ‘समाजाचं ऋण’ नाही. काम काय, किती, कोण वापरणार, पैसे मिळणार की नाही, एवढंच आहे. कर्तव्याची आठवण करून दिलेला माणूस एकदा येतो आणि नंतर फोन उचलायला संकोचतो.

तपासणी : नोकरी करणाऱ्याला त्याचं नेमणूकपत्र पाहायला सांगा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. काही कंपन्या करारात फावल्या वेळातल्या कामावरही हक्क सांगतात. शंका असेल तर कंपनीकडून ईमेलने परवानगी घेऊनच कोड लिहायला बसावं, आणि ऑफिसचा लॅपटॉप या कामाला वापरू नये.

टप्पा ५ : पहिली भेट प्रत्यक्ष, आणि हॅकेथॉन नको

पहिली भेट तीन-चार जणांची पुरते: एक डेव्हलपर, ज्याची अडचण आहे तो सदस्य आणि मांडणी जाणणारा एक जण. शांत खोली हवी. कॅफेत गोंगाटात स्क्रीन रीडर ऐकू येत नाही. जागा स्टेशनपासून जवळ घ्या आणि अंध सदस्याला कुठल्या पुलाच्या कुठल्या टोकाला कोण भेटणार ते आदल्या दिवशी कळवा. रविवार ठरवत असाल तर रेल्वेचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आधी पाहा. पावसाळ्यात अशी भेट ऑनलाइन घ्यायची तयारी ठेवा.

पहिला अर्धा तास डेव्हलपरने फक्त पाहायचं आणि ऐकायचं. सदस्य नेहमीसारखं पत्र उघडेल, कळा दाबेल, अडेल. इथे हमखास होणारी चूक म्हणजे डेव्हलपर मध्येच हात घालून माउस धरतो आणि ‘असं करा ना’ म्हणतो. थांबवा. सदस्याच्या एनव्हीडीएचा आवाज इतका वेगात असतो की नवख्याला शब्द उमगत नाहीत. वेग कमी करायला सांगू नका, स्पीच व्ह्यूअर उघडा. कुठल्या कळा त्याच्या बोटांत बसल्या आहेत ते टिपून घ्या, कारण अ‍ॅड-ऑनच्या कळा त्यांच्यावर आदळता कामा नयेत.

भेट संपण्याआधी पहिला तुकडा चालला पाहिजे, निदान एक शब्द तरी. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवमधून कॉपी करून नीट ऐकू आला की त्या खोलीतल्या दोघांनाही पुढे काय करायचं ते सांगावं लागत नाही.

टप्पा ६ : पहिल्या महिन्यात उत्तर उशिरा देऊ नका

डेव्हलपरने नवी फाइल पाठवली की एका दिवसात कुणीतरी ती चालवून पाहिलीच पाहिजे. ‘चाललं’ एवढंही पुरतं. हे काम दोन जणांच्या नावावर ठेवा, म्हणजे एक गावाला गेला तरी अडत नाही. या टप्प्यावर गट सगळ्यात जास्त ढिले पडतात. आठवडाभर शांतता गेली की डेव्हलपर दुसऱ्या कामाला लागतो आणि त्याला दोष देता येत नाही.

‘चालत नाही’ असा निरोप मात्र घेऊ नका. कुठली एनव्हीडीए आवृत्ती, कुठला विंडोज, कुठल्या कळा दाबल्या, काय ऐकू आलं आणि लॉगमधला (एनव्हीडीए स्वतः ठेवतो त्या नोंदीतला) त्रुटी दाखवणारा भाग, इतकं हवं. लिहायला अवघड जात असेल तर व्हॉइस नोट चालेल, कुणीतरी ती इश्यूमध्ये, म्हणजे रिपोतल्या त्रुटीच्या नोंदीत, उतरवून घ्यावी.

इशारा : लॉगची पातळी इनपुट-आउटपुटवर असेल तर दाबलेल्या कळा आणि बोललेला मजकूर त्यात नोंदला जातो. असा लॉग सार्वजनिक इश्यूवर कधीही टाकू नका. चाचणी झाली की पातळी पुन्हा खाली आणा.

डेव्हलपरला सांगा: आपला अ‍ॅड-ऑन एकदा मॉनिटर बंद करून वापरून पाहा. अर्ध्या त्रुटी तिथेच सापडतात.

टप्पा ७ : स्टोअरमध्ये आणा

२०२३.२ या आवृत्तीपासून एनव्हीडीएमध्येच अ‍ॅड-ऑन स्टोअर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल फिरवत बसाल तर जुन्या आवृत्त्या वर्षभर फिरत राहतील. क्रम असा: गिटहबवर रिलीज काढा, पॅकेजची थेट लिंक घ्या, मग एनव्हीडीए बनवणाऱ्या एनव्ही अ‍ॅक्सेस या संस्थेच्या अ‍ॅड-ऑन नोंदवहीत अर्ज भरा. त्यात कोडची लिंक, प्रकाशकाचं नाव, परवाना आणि चॅनेल लागतं. चॅनेल म्हणजे आवृत्ती पक्की आहे की चाचणीची; पहिल्यांदा बीटा, म्हणजे चाचणीचं, निवडा. नव्या अर्जदाराला मंजुरी मिळायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे ‘अमुक तारखेला प्रकाशन’ असं जाहीर करू नका.

प्रकाशक म्हणून संस्थेचं नाव टाकायचा मोह आवरा. ज्याने लिहिलं त्याचं नाव लेखक म्हणून जाऊ द्या आणि ज्यांनी तपासलं त्यांची नावं, त्यांना विचारून, मदतपानात द्या. मदतपान मराठीतही हवं. ते टेस्टरनेच लिहिलं तर उत्तम.

टप्पा ८ : पैशांचं आधी बोला

अ‍ॅड-ऑन फुकट असला तरी टेस्टरचा प्रवास आणि वेळ फुकट नसतो. निदान येण्याजाण्याचा खर्च द्या. जमलं तर तपासणीचं मानधनही द्या. फॉस युनायटेड मुक्त प्रकल्पांना अनुदान देते. झेरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४ मध्ये सुरू केलेला फ्लॉस फंड मात्र १०,००० डॉलरपासून पुढच्या रकमांचा आहे, एकट्या अ‍ॅड-ऑनसाठी तिकडे वेळ घालवू नका. देणगी आली तर ती कुणाच्या खात्यात जाणार आणि कशावर खर्च होणार, हे रक्कम यायच्या आधी लिहून ठेवा.

टप्पा ९ : पुढच्या वर्षाची सोय आत्ताच करा

दर वर्षीच्या पहिल्या एनव्हीडीए आवृत्तीत, म्हणजे २०२४.१, २०२५.१ अशांमध्ये, अ‍ॅड-ऑनची जुळणी मोडू शकते. २०१९.३ मध्ये पायथन २ वरून ३ वर उडी झाली, तेव्हा कुणी सांभाळणारं नव्हतं ते अ‍ॅड-ऑन तिथेच संपले. २०२४.१ मध्ये पायथन ३.११ आलं. ज्या आवृत्तीवर शेवटचं तपासलं तिची नोंद मॅनिफेस्टमध्ये असते. ती जुनी राहिली की एनव्हीडीए अ‍ॅड-ऑन बंद ठेवतो. वापरणाऱ्याला तो जबरदस्तीने चालू करता येतो, पण जबाबदारी त्याची.

यावर उपाय एकच: बीटा आवृत्ती आली की पोर्टेबल प्रतीवर नमुन्यांची पूर्ण चाचणी. तिची आठवण गटाच्या कॅलेंडरमध्ये टाका, डेव्हलपरच्या नव्हे. नुसता आकडा वाढवून पॅकेज काढू नका.

रिपोचे हक्क पहिल्या महिन्यातच दोघांकडे हवेत. रिपो एकाच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर तो गटाच्या खात्यावर हलवा. बांधणी कशी करायची, अर्ज कुठे भरायचा, नमुने कुठे आहेत, हे रिपोतल्या एका फाइलमध्ये लिहा. मग दुसऱ्या माणसाला, पहिल्याला एकही फोन न करता, त्या फाइलवरून एक किरकोळ दुरुस्तीची आवृत्ती काढायला सांगा. ती स्टोअरमध्ये दिसली की पहिला डेव्हलपर हवी तेवढी सुट्टी घेऊ शकतो, आणि तुम्ही यादीतली पुढची अडचण काढू शकता.